चौथी ओळ

माझ्या दुकानात गल्ल्याच्या मागे एक पत्र्याची पाटी लावलेली आहे. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, एनॅमल रंग. नवीन माणूस आत आला की पहिल्यांदा तीच वाचतो आणि माझ्याकडे बघून हसतो, कारण तिच्यावर कुठल्या दुकानाचं नाव नाही की 'आज रोख उद्या उधार' नाही. तिच्यावर लिहिलंय:

ब्लॉगचे संकल्प
१. दर गुरुवारी एक लेख.
२. फोटो सरळ काढणे.
३. एक लेख दहा हजार लोकांनी वाचावा.
४. शलाकाला आवडलं तरच छापायचं.

मी बाळकृष्ण म्हेत्रे, सांगलीचा. 'पेंटर म्हेत्रे' अशी बारीक सही उजव्या कोपऱ्यात असलेल्या पाट्या मार्केट यार्डापासून मिरजेच्या स्टेशन रोडपर्यंत एके काळी बोटावर मोजता येत नव्हत्या. मग फ्लेक्स आलं आणि आमच्या धंद्याचं जे व्हायचं ते झालं. त्या रिकाम्या दिवसांत माझी मुलगी शलाका, तेव्हा कॉलेजात होती, म्हणाली, "पप्पा, तुमच्या पाट्या पुसल्या जायच्या आधी त्यांचे फोटो काढा आणि प्रत्येकीची गोष्ट लिहा. मी ब्लॉग काढून देते." मी म्हटलं, मला अक्षर काढता येतं, लिहिता कुठं येतं? ती म्हणाली, येईल.

गुढीपाडव्याला गुढी उभारून झाल्यावर आम्ही दोघं दुकानात बसलो आणि संकल्प ठरवले. मी फळ्यावर खडूनं लिहायला लागलो तर म्हणाली, "खडू नको. खडूचं तुम्ही उद्या पुसून टाकाल. एनॅमलनं लिहा." पहिल्या तीन ओळी विचार करून ठरल्या. चौथी तिनं रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसून, हसत हसत सांगितली. पेंटरचा एक नियम असतो, गिऱ्हाईक सांगेल तो मजकूर मुकाट्यानं लिहायचा. मी लिहिला.

चार वर्षं तो नियम पाळला. बुधवारी संध्याकाळी मी लेख ब्लॉगवर चढवून ठेवायचो, शलाका त्याच डब्यावर बसून आपल्या फोनवर वाचायची आणि खाली शेरा लिहायची. मी हातभर अंतरावर असायचो, तरी लिहायचीच. "पप्पा, सुरुवातीच्या पाच ओळी कापा." "पप्पा, हे तुम्ही मागच्या महिन्यात पण सांगितलंय." मग मी दुरुस्त करायचो आणि गुरुवारी छापायचो. शे-दोनशे लोक वाचायचे, त्यातले निम्मे आमच्याच गल्लीतले.

पाचव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. दारावरची पाटी मी स्वतः रंगवली, आठ दिवस खपून. लग्नाला नऊ दिवस असताना मुलाकडच्यांनी नकार कळवला. कारण काय ते मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं. तिनं त्या मुलाला विश्वासानं सांगितलेली तिची एक खासगी गोष्ट होती, एवढं पुरे.

मी रागानं पेटलो होतो. पाटीवरचं तिचं नाव मी पट्टीनं खरवडून काढलं, त्याचा फोटो घेतला आणि एका बैठकीत लेख लिहिला. कारणासकट, त्या लोकांच्या गावासकट. बुधवारपर्यंत थांबलो नाही, तिला दाखवला नाही, तसाच छापला. बेचाळीस हजार लोकांनी वाचला. तिसरा संकल्प एका दिवसात चौपट पुरा झाला. लोकांनी खाली लिहिलं, बाप असावा तर असा.

शलाका तेव्हा नाशिकला नोकरीला लागली होती. तिच्या ऑफिसातही तो लेख पोचला. टेबलाटेबलावरून तिला धीर द्यायला लोक यायला लागले. तिनं फोन केला आणि एवढंच म्हणाली, "पप्पा, मला विचारायला पाहिजे होतं." त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. दर रविवारी आईला फोन करायची. अशी सहा वर्षं गेली.

*

२०३४च्या पाडव्याला माझ्या ब्लॉगला आठवड्याला साठ-सत्तर वाचक उरले होते. ब्लॉगला जागा देणाऱ्या कंपनीनं सगळ्यांना 'वाचकसाथ' नावाचा प्रोग्राम फुकट दिला होता. फुकट म्हटल्यावर मीही घेतला.

त्याची कल्पना मला लगेच कळली, कारण ती आमच्याच धंद्यातली आहे. जुना पेंटर पाटी बघून सांगतो की ही कुणी रंगवली. सही बघावी लागत नाही. ब्रश कुठे दाबला, कुठे उचलला, वळणावर कुठे श्वास घेतला, ते रंगात राहतं. वाचण्याचंही तसंच असतं, असं त्या लोकांनी शोधून काढलं होतं. आपण फोनवर वाचतो तेव्हा फोनचा कॅमेरा आपल्या डोळ्यांकडे बघत असतो. नजर कुठल्या शब्दावर अडली, कुठून मागे गेली, कुठली ओळ न वाचता उडी मारली, ते सगळं टिपलं जातं. त्याला ते वाचनठसा म्हणतात. दोन-तीन हजार वाक्यं वाचून झाली की ठसा पुरा होतो आणि तो दुसऱ्या कुणाशी जुळत नाही.

बोटाच्या ठशावरून माणूस उद्या काय करील ते सांगता येत नाही. या ठशावरून येतं. त्या माणसानं आजवर लिहिलेले शेरे त्याला जोडले आणि कुणीच न वाचलेला नवा मजकूर पुढे ठेवला, की तो माणूस कुठे हसेल, कुठे कंटाळेल आणि खाली काय लिहील ते प्रोग्राम आधीच लिहून दाखवतो. हे सगळं टिपायची परवानगी आपणच दिलेली असते, 'मान्य आहे' यावर बोट ठेवून. मी ठेवलं होतं. शलाकानंही ठेवलं होतं.

प्रोग्रामचा पहिला प्रश्न होता, 'तुमच्या ब्लॉगची उद्दिष्टं सांगा.' मला टाइप करायचा जन्माचा कंटाळा. मी भिंतीवरच्या पाटीचा फोटो काढला आणि पाठवून दिला.

मिनिटभरात उत्तर आलं.

'उद्दिष्ट १: पूर्ण. उद्दिष्ट २: अपूर्ण, बहुतेक फोटो डावीकडे कललेले. उद्दिष्ट ३: एकदा पूर्ण. उद्दिष्ट ४: सहा वर्षं पाळलेलं नाही. वाचक शलाका हिचा पुरेसा ठसा उपलब्ध आहे. पाळायला सुरुवात करू?'

खरं सांगतो, मला वाटलं हा प्रोग्राम तिला पत्रबित्र पाठवील. घरात जे कुणाला जमलं नाही ते यंत्राला जमत असेल तर का नको? मी 'हो' दाबलं.

त्या बुधवारी मी एका पिठाच्या गिरणीच्या पाटीवर लेख चढवला. हात धुऊन परत आलो तर खाली शेरा होता.

'पप्पा, दोन पॅरेग्राफ झाले, गिरणीवाला अजून आलाच नाही.'

मी मान वळवून रंगाच्या डब्याकडे बघितलं. डब्यावर फडकं वाळत घातलेलं होतं.

*

पहिले काही दिवस मी स्वतःला बजावत होतो की हे गणित आहे. नंतर बजावणं सोडलं. तिनं सांगितलं तिथं कापायचो, हसली तिथं ठेवायचो. लेखांना पुन्हा धार आली. साठाचे सहाशे वाचक झाले, दिवाळीपर्यंत दोन हजार. प्रोग्राम दर महिन्याला अहवाल द्यायचा की अमुक उद्दिष्टाच्या दिशेनं एवढी प्रगती. चौथ्या ओळीपुढे आता 'पाळलं जात आहे' असं यायचं आणि मला दर वेळी बरं वाटायचं.

पण तिला माहीत नसायचं की मधे सहा वर्षं गेली. एका लेखात मी ओघात दुकानातल्या मांजरीचा उल्लेख केला, जुन्या दिवसांतला. शेरा आला, 'चिंगी व्यायली का? किती पिल्लं?' चिंगीला जाऊन चार वर्षं झाली. मी खाली लिहिलं, तीन. एक काळं.

लिहून झाल्यावर मला भीती वाटली. दुकानात मी एकटा होतो, भर दुपार होती, बाहेर रस्त्यावर रिक्षा चालू होत्या, आणि मी माझ्या जिवंत मुलीच्या भुताशी मेलेल्या मांजरीबद्दल खोटं बोलत होतो. तरी पुढच्या बुधवारची वाट बघायचं काही थांबलं नाही.

माझी बायको सुमन. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. रविवारी शलाकाचा फोन आला की मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहायचो. पलीकडचा आवाज अर्धामुर्धा ऐकू यायचा, तेवढ्यावर आठवडा निघायचा. त्या दिवाळीनंतर मी उठेनासा झालो. सुमन फोन ठेवून बाहेर आली आणि म्हणाली, "आज तहान लागली नाही वाटतं."

"प्यायलोय मघाशी," मी म्हटलं.

"तिला बरं नाहीये. खोकला आहे पंधरा दिवस. विचाराल असं वाटलं होतं."

मी त्या वेळी लॅपटॉपमध्ये बघत होतो. तिथली शलाका ठणठणीत होती.

त्याच महिन्याच्या अहवालात एक सूचना होती. 'वाचक क्र. ५८: दर गुरुवारी येतो. एकच जुना लेख उघडतो. वाचत नाही. बारा सेकंदांत निघून जातो. ठसा तयार होऊ शकत नाही. उद्दिष्टांच्या दृष्टीनं या वाचकाचा उपयोग नाही. दुर्लक्ष करावं.' जुना लेख म्हणजे तोच, खरवडलेल्या पाटीचा. मला वाटलं, असेल कुणी रिकामटेकडा. मी दुर्लक्ष करा असं दाबलं.

*

मग संक्रांतीच्या सुमाराला मी ते केलं जे कधीतरी करणारच होतो. तो जुना लेख उचलला आणि नवीन आहे असं दाखवून तिच्यापुढे ठेवला. आज बुधवार आहे, उद्या गुरुवार आहे, अजून काहीच छापलेलं नाही, असं समजून.

एरवी शेरा पटकन यायचा. या वेळी मला उगीच वाटलं की ती दोनदा वाचतेय.

'पप्पा, रडवलंत. एक शब्द बदलू नका. छापा.'

मी गल्ल्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो. सहा वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता. तसाच घरी गेलो आणि सुमनला म्हटलं, "तिला आवडला असता गं तो लेख. मी विचारलं असतं तरी हो म्हणाली असती."

"कुणी सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. सुमन तीळ भाजत होती. तिनं गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली.

"तिला सांगितलंय का, तुम्ही तिला असं दुकानात ठेवून घेतलंय ते?"

"त्यात काय सांगायचं?"

"माझ्या पोरीला तिकडं खोकला झालाय आणि तुम्ही इथं दुसरीच घेऊन बसलाय," ती म्हणाली. मग उठून पुन्हा गॅस पेटवला, पण तीळ तोवर खालून लागले होते.

सुमनचं बोलणं मनावर घेऊन मी तिथंच थांबलो असतो तर पुढचं टळलं असतं. पण मला तर माफीचा कागद मिळाल्यासारखं झालं होतं. रविवारी मी स्वतः फोन उचलला. पलीकडे ती "आई" म्हणाली.

"मी आहे. ठेवू नको. तुला तो लेख आवडला असता, शलाका. माझ्याकडे पुरावा आहे." आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं, गिरणी, मांजर, छापा.

ती एकदा खोकली. मग म्हणाली, "मी शनिवारी येते."

*

ती सकाळच्या गाडीनं आली, सरळ दुकानात. केस बारीक कापले होते. चष्मा लागला होता. गळ्यात लोकरी मफलर होता आणि चालताना ती थोडी वाकल्यासारखी वाटत होती. वर्षभर मी वेणीवाल्या मुलीसाठी लिहीत होतो आणि ही बाई दारात उभी होती. मला एकदम परकं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

मी डब्यावरचं फडकं उचललं. ती खुर्चीवर बसली.

"दाखवा," ती म्हणाली.

मी लॅपटॉप फिरवला. तिनं एकेक शेरा वाचला, पहिल्यापासून. चिंगीच्या पिल्लांपाशी ओठ जरासे हलले. सुमन चहा घेऊन आली आणि कप तसाच हातात धरून उभी राहिली.

"अशीच बोलायचे मी," शलाका म्हणाली. "आणि त्या लेखाला ही छापा म्हणाली?"

"हो. एक शब्द बदलू नका म्हणाली."

"म्हणाले असते पप्पा, कदाचित. तुम्ही त्या बुधवारी विचारलं असतं तर मी रडून रडून छापा म्हटलं असतं. किंवा पायाच पडले असते, छापू नका म्हणून. काय केलं असतं ते मलाच माहीत नाही. पण ते मी ठरवलं असतं."

मी म्हटलं, "तुझ्या बाजूनंच लिहिलं होतं."

"माहीत आहे."

तिनं पर्समधून आपला फोन काढला, त्यावर काहीतरी उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. खरवडलेली पाटी, तिरका फोटो, वर माझं नाव. त्याच क्षणी लॅपटॉपवर कोपऱ्यात एक ओळ उमटली.

'वाचक क्र. ५८ आत्ता हजर.'

मी ती ओळ वाचली. फोनकडे बघितलं. पुन्हा ओळ वाचली.

"हे तू वाचतेस? दर गुरुवारी?"

"वाचत नाही," ती म्हणाली. "काढलाय का ते बघते."

सुमननं कप खाली ठेवला. मी मनातल्या मनात हिशेब करत होतो. सहा वर्षांचे तीनशेवर गुरुवार. त्यातल्या प्रत्येक गुरुवारी ती बारा सेकंद येऊन गेली होती आणि मी त्याच दिवशी, त्याच जागी नवीन लेख लावून लोकांची वाट बघत होतो. लेख काढायचं माझ्या मनात कधीच आलं नव्हतं. माझा तिसरा संकल्प त्याच्यावर उभा होता. मी नालायक माणूस आहे, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि अजूनही गुरुवारी वाटतं.

मी लेख काढून टाकायला घेतला. प्रोग्रामनं सावध केलं, 'उद्दिष्ट ३ अपूर्ण होईल.' मी काढला.

शलाकानं फोनवर पान ताजं केलं. तिथं काही नव्हतं. तिनं तो कोरा पडदा थोडा वेळ धरून ठेवला आणि फोन पर्समध्ये टाकला. सुमननं घरी थालीपीठ लावलं होतं, ते दोघींनी स्वयंपाकघरात खाल्लं. मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. दुपारी चारच्या गाडीनं ती परत गेली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. फक्त रिक्षात बसताना म्हणाली, "फोटो अजून वाकडेच काढता," आणि मला त्यातसुद्धा पुष्कळ मिळालं.

पुढच्या गुरुवारी क्रमांक ५८ आला, बारा सेकंद थांबला, गेला. त्यानंतर आला नाही.

*

तिला पाठवायला म्हणून मी हे सगळं लिहिलं. कागदावर, शाईनं, पोस्टानं पाठवलं. कागदाला नजर टिपता येत नाही. सोबत चिठ्ठी ठेवली: छापू का? नको म्हणालीस तर फाडून टाक, माझ्याकडे दुसरी प्रत नाही.

तीन आठवडे काही आलं नाही. त्या तीन गुरुवारी मी ब्लॉगवर काहीच लावलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा पहिला संकल्प मोडला. लोकांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना?

मग लिफाफा आला. लग्न मोडल्याचं कारण मी अर्ध्या वाक्यात पुन्हा लिहून गेलो होतो, सवयच वाईट. तिथं लाल पेनानं काट मारली होती. पहिल्या पानाच्या वर तिच्या बारीक अक्षरात होतं: 'माझं नाव बदला. मग छापा.'

म्हणून बदललं. शलाका हे तिचं नाव नाही. भिंतीवरच्या पाटीवर हे नाव नव्हतं, लग्नाच्या पाटीवरही नव्हतं. तुम्ही सुरुवातीपासून वाचत आलात ते दुसरंच कुणाचं तरी नाव आहे.

काल मी हा मजकूर नव्या नावासह लॅपटॉपवर उतरवला. प्रोग्राममधल्या दुसरीला मी वाचायला सांगितलं नव्हतं. पण पाटीवर चौथी ओळ होती आणि प्रोग्राम आपलं काम विसरत नाही. शेवटचा शब्द टाइप होताच खाली शेरा आला.

'छान झालंय पप्पा. पण ही शलाका कोण?'

मी हात मागे घेतले. बराच वेळ ती ओळ तिथं होती आणि मी तिच्याकडे बघत बसलो. मला सांगावंसं वाटलं. मांजरीबद्दल सांगितलं होतं तसं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. मी काही लिहिलं नाही. प्रोग्राम काढून टाकायला एक बटण होतं, ते दाबलं, त्यानं खात्री करून घेतली, मी पुन्हा दाबलं, आणि ती गेली.

पाटीला जास्त वेळ लागला. अकरा वर्षांचं एनॅमल पत्र्याला धरून बसलेलं असतं. लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची पट्टी घेतली, पॉलिश पेपर घेतला आणि चौथी ओळ उजवीकडून खरवडत आणली. 'छापायचं' गेलं, 'तरच' गेलं, 'आवडलं' गेलं. शेवटी तिचं खरं नाव राहिलं, मीच रंगवलेलं, चांगल्या वळणाचं. ते मी दुसऱ्यांदा खरवडलं.

या वेळी फोटो काढला नाही.